वरच्या मजल्यावरचा खोकला

सोमवार, ३ सप्टेंबर

आले एकदाची! सामान म्हणजे एक बॅग, दोन पिशव्या आणि मांडीवर निळा डबा. डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध माझी इंजेक्शनं. बसमध्ये शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, की एवढं जपून काय नेताय. औषध म्हटल्यावर त्यांनी डब्याकडे अशा मायेनं पाहिलं, जणू आत कुणी तान्हंच निजलंय. तसं ते आहेच म्हणा. त्याला ऊन चालत नाही, हिसका चालत नाही, आणि घरी पोचल्यावर आधी त्याची सोय, मग माझी.

खोली मधल्या मजल्यावर आहे. खाली घरमालकीणबाई, मध्ये मी, आणि वर आणखी एक खोली. खिडकीतून रस्ता दिसतो. समोर सायकलींचं दुकान, त्याच्या शेजारी गाद्या भरणारा. पलंग कुरकुरतो, पण फ्रिज नीट चालतो; तेवढं पाहूनच तर मी जागा पसंत केली होती. घरमालकीणबाई सत्तरीच्या, कानानं अधू. किल्ली देताना त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बोलत राहिल्या. काय बोलल्या ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी मनात आकडे मोजत होते. नऊपर्यंत गेले.

एखादीला हे वाचून हसू येईल. हात धरला, त्यात काय मोजायचं? पण मी अर्ध्या बाह्यांत आले होते, हात उघडे होते, आणि तरी त्यांनी धरला.

बुधवार, ५ सप्टेंबर

सोळा वर्षं मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासली. पुढे कधी आले नाही, कुणी बोलावलंही नाही. मालकांनी या गावात नवीन दुकान काढलं, तेव्हा माझे हात पाहिले आणि म्हणाले, की आता तू काउंटरवर उभी राहायला हरकत नाही. ते सहज म्हणाले. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

काउंटरचं काम म्हणजे माणसाच्या चेहऱ्याचं काम. चष्मा नाकावर ठेवायचा, दांड्या कानांमागे बसवायच्या, कुठे टोचतंय ते बोटानं चाचपायचं, दांडी गरम करून वाकवायची, पुन्हा बसवायची. आज पहिलं गिऱ्हाईक एक आजोबा होते. एक कान वर, एक खाली, त्यामुळे आयुष्यभर चष्मा वाकडा. मी दांडी नीट केल्यावर आरशात पाहून म्हणाले, की एवढी वर्षं मला वाटायचं, जगच कलतंय.

डोळे तपासणाऱ्याला सगळे भिंगराव म्हणतात. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड आहे. दुपारी त्यानं आपल्या डब्यातलं सफरचंद कापून अर्धं मला दिलं. मी घेतलं, त्याच्या हातातून.

रविवार, ९ सप्टेंबर

आज इंजेक्शन. दर दुसऱ्या रविवारी, मांडीत. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, मग टोचून दहापर्यंत मोजायचं. हे दोन वर्षांपासून. त्याआधी नऊ वर्षं आठवड्याची गोळी, त्याआधी मलमं, डांबराच्या वासाचं तेल, कातडीवर प्रकाश सोडणाऱ्या पेट्या. सोरायसिस सतराव्या वर्षी कोपरावर आला आणि विसाव्यापर्यंत पाठ, पोट, डोकं, तळहात, सगळं त्याचं झालं. सकाळी उठलं की चादरीवरून खपल्या झाडायच्या. हा लागत नाही कुणाला, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग मी सांगणंच सोडलं. लोक अर्धं पाऊल मागे सरतात. पूर्ण नाही, अर्धंच. त्या अर्ध्या पावलाची मला इतकी सवय आहे, की डोळे मिटूनही ओळखेन.

फक्त ताई सरकली नाही. दर आंघोळीनंतर माझ्या पाठीला मलम तीच लावायची. कॉलेजात मला पोरी 'खवलेवाली' म्हणायच्या, तर ताईनं त्याचं 'मासोळी' केलं. अजून तेच म्हणते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मला सोपं करून सांगितलं होतं. अंगातले पहारेकरी चोर समजून घरच्याच माणसांना बडवताहेत. हे औषध त्या पहारेकऱ्यांना गुंगी देतं. बडवणं थांबतं, पण दारावरचं लक्षही कमी होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. खोकणाऱ्यांपासून लांब राहायचं. आणि ताप आला, वजन उतरलं, खोकला दोन आठवडे टिकला, तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी त्यांना फोन करायचा. हे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय.

ताईचा फोन आला. बाळ सहा आठवड्यांचं झालं, रात्रंदिवस दूध मागतं. मी एकदाही जवळ घेतलेलं नाही. आधी तिथे सगळ्यांना सर्दी होती, मग माझं इकडे यायचं ठरलं. वीस वर्षं लोक माझ्यापासून लांब राहिले; आता अंग स्वच्छ झालंय, तर मी लोकांपासून लांब राहायचं. देवाला विनोद करता येतो, पण वेळ कळत नाही.

वर कुणी तरी राहतं वाटतं. सकाळी खोकल्याचा आवाज आला. तीन वेळा, मग जरा थांबून एक लहानसा, जणू वाक्यानंतरचा पूर्णविराम.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

वरचं माणूस घड्याळासारखं आहे. सकाळी सातला, मी चहा ठेवते तेव्हा. संध्याकाळी सहाला, मी चपला काढते तेव्हा. तीन आणि एक. कोरडा, म्हाताऱ्या पुरुषाचा खोकला. मी घरमालकीणबाईंना मोठ्यानं विचारलं, की वर कोण असतं. त्या म्हणाल्या, ते गेले. सकाळी सकाळी कुठे जात असतील बरं?

दुकानात एक बाई माझ्या तोंडावरच शिंकल्या. मी मागे झाले आणि त्यांचा चेहरा उतरला. अर्धं पाऊल! मी, सगळ्या जगात मी, ते टाकलं.

रविवार, २३ सप्टेंबर

इंजेक्शन घेतलं. दिवसभर कुणाशी बोलले नाही. ताईचा फोन लागला नाही. रविवारी दुकान बंद, भिंगराव आपल्या घरी, घरमालकीणबाई खाली कानाला यंत्र न लावता स्वस्थ.

सहाला वरून खोकला आला आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी पण खोकले. मुद्दाम. तीन आणि एक. वर शांतता. मग पलंगाच्या बरोबर वर, अगदी हळू, तीन आणि एक.

मी खूप हसले. या घरातलं माझं पहिलं संभाषण.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

पाच दिवस आम्ही 'बोलतोय'. सकाळी मी आधी, संध्याकाळी ते आधी. आज मला सुट्टी होती. भाज्यांचं गरम सूप केलं, वाटी झाकली आणि वर गेले. डॉक्टरीणबाईंची आठवण झाली, पण म्हटलं, दारातच ठेवीन, आत जायचं नाही.

दाराला कुलूप आहे. गंजलेलं. कडीवर कोळ्याचं जाळं, उंबऱ्यावर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत माझ्या पावलांखेरीज एकही पाऊल नाही.

वाटी घेऊन तशीच खाली घरमालकीणबाईंकडे गेले. कानाचं यंत्र लावायला लावलं. मग त्यांनी सांगितलं. गेले म्हणजे वारले. दोन वर्षं झाली. छापखान्यात मजकूर तपासायचे, एकटेच होते. छातीचा आजार. आठ महिने खोकत होते. मी विचारलं, वर कोण जायचं त्यांच्याकडे. त्यांनी माझ्या वाटीवरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाल्या, "मला भीती वाटायची गं, आपल्याला लागेल म्हणून. डबा पायरीवर ठेवायचे. एक दिवस खोकला थांबला. मला वाटलं, बरं वाटलं असेल. चार दिवसांनी कळलं."

आणि म्हणाल्या, की हे यंत्र मी घरात लावत नाही, ते उगीच नाही.

सूप त्या प्यायल्या नाहीत, मीही नाही.

रविवार, ३० सप्टेंबर

जुनं घर आहे. नळ असेल. कबुतरं असतील. शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून येत असेल. मी भिंगं घासणारी बाई आहे. वाकड्या काचेतून काय काय दिसतं, ते मला ठाऊक आहे.

सकाळी सातला मी खोकले नाही. वरूनही आवाज आला नाही.

आवाज जिन्यातून आला. सहाव्या-सातव्या पायरीवरून.

मंगळवार, २ ऑक्टोबर

आज दाराबाहेरून. मी चहा गाळत होते. तीन, थांबला, एक. मी ताडकन दार उघडलं. कुणी नाही. जिन्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

दार लावल्यावर मला एक गोष्ट कळली, ती इथेच लिहिते, कारण दुसरीकडे सांगायची सोय नाही. मी घाबरले होते, पण आधी मला वाईट वाटलं होतं. आठ महिने कुणी वर गेलं नाही. आणि जे पहिलं माणूस उत्तर द्यायला भेटलं, ते मी.

रविवार, ७ ऑक्टोबर

इंजेक्शनचा दिवस. अकराला ते बाहेर काढून ठेवलं. साडेअकराला खुर्चीवर बसले, मांडी पुसली, आणि खोकला खोलीत आला. कपाटापाशी. मग पलंगापाशी. मग माझ्या खुर्चीच्या मागे, इतक्या जवळ, की मानेवरचे केस हलले.

मी टोचलं. एक, दोन, तीन. सातपर्यंत मोजलं तेव्हा तो मध्येच तुटला. दोन खोकून तिसरा आलाच नाही. जसं दारात उभ्या माणसाला कुणी तरी आत या म्हणावं.

बुधवार, १० ऑक्टोबर

तीन दिवस घर शांत. सकाळी चहा ठेवते आणि कान वर लागतात. काहीच नाही. मला हायसं वाटायला हवं.

शनिवार, १३ ऑक्टोबर

दुकानात एका मुलीला चष्मा बसवत होते. घशात कुसळ अडकल्यासारखं झालं. तोंड फिरवून खोकले. तीन. थांबले. एक लहानसा.

भिंगरावनं आतून विचारलं, की सर्दी झाली काय. मी हो म्हणाले. त्यानं डबा उघडला, सफरचंद कापलं आणि माझं अर्धं एका कागदावर ठेवून काउंटरवरून पुढे सरकवलं.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

संध्याकाळचा ताप येतोय, चार दिवस. जास्त नाही, शंभर. सकाळी चादर घामानं ओली. मला पाठ आहे काय करायचं ते. फोन करायचा. त्या म्हणतील, इंजेक्शन थांबवा आणि या.

एकदा थांबवलं होतं. दाढेत पू झाला म्हणून, दोन महिने. पाचव्या आठवड्यात चट्टे परत आले आणि ते जुन्या जागांवर थांबले नाहीत. चेहऱ्यावर आले, पापण्यांवर आले. तळपायांना भेगा पडल्या, मी भिंत धरून चालायचे. दुकानातल्या पाण्याच्या पिंपावरचा माझा पेला कुणी तरी उचलून खिडकीत वेगळा ठेवला होता. कोणी ते मी शोधलं नाही. सगळ्यांनी मिळून, असंच धरून चालले.

परत तिथे जायचं? काउंटरवरून मागच्या खोलीत?

ताईचा फोन आला. मी मजेत आहे म्हणाले. खोकला आला की फोन उशीखाली दाबत होते.

रविवार, २१ ऑक्टोबर

घेतलं. कुणी जबरदस्ती केली नाही. माझ्या हातानं घेतलं. दहापर्यंत मोजताना आत, बरगड्यांच्या मागे, कुणी तरी अंग सैल सोडून टेकून बसल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

कपडे ढगळ झालेत. कातडी मात्र आरशासारखी. आयुष्यात इतकी सुंदर नव्हती.

मालक आले होते. दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली म्हणाले. बरी हो, मग ये. बोलताना दारातच उभे होते. भिंगरावनं हात हलवला, आतूनच.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

रुमालावर रक्त. आज डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी रागावल्या, मग एकदम हळू बोलायला लागल्या. इंजेक्शन अजिबात घ्यायचं नाही. नाका-तोंडाला पट्टी बांधून उद्याच दवाखान्यात यायचं. छातीचा क्षय असावा, पण औषध आहे, बरा होतो, उशीर करू नका. आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका, लहान बाळाला तर मुळीच नाही.

बरा होतो! दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाल्या. पिशवी भरून ठेवली.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

दारापर्यंत गेले. कडीला हात लावला आणि उबळ आली. खाली बसले, थांबली. उठले, कडीला हात लावला, पुन्हा. सहा वेळा.

मग मी परीक्षा घेतली. तोंड मिटलं, नाक धरलं, श्वास रोखला.

तरी खोकला आला. माझं तोंड मिटलेलं असताना.

गुरुवार, १ नोव्हेंबर

काठीनं जमीन ठोकली. घरमालकीणबाईंना ऐकू जात नाही. किंवा जातं. दुपारी दाराबाहेर काही तरी ठेवल्याचा आवाज आला. डबा. मग पावलं भरभर खाली.

दवाखान्यात फोन लावला. 'हॅलो' म्हणेपर्यंत उबळ. पलीकडची मुलगी थांबली, थांबली, मग तिनं ठेवून दिला.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

ताईचा फोन. तिला म्हणायचं होतं, येऊ नकोस. इतकंच. घशातून शब्द वर आले, आणि बाहेर दुसरेच पडले. माझ्याच आवाजात. "ये ना गं. एकट्याला फार कंटाळा आलाय."

ताई हसली. "एकट्याला काय गं? तापात पुरुष झालीस की काय?" मग गंभीर झाली. म्हणाली, रविवारी येते. बाळाला घेऊनच येते, अंगावर पितं ना.

मी नको नको म्हणून ओरडले. फोनवर नुसता खोकला गेला. नंतर संदेश लिहायला घेतला तर फोनची बॅटरी संपलेली, आणि चार्जर — मी तो खिडकीतून टाकलाय. खाली रस्त्यावर पडलेला दिसतोय. मी टाकलेला आठवत नाही.

शनिवार, ३ नोव्हेंबर

सकाळी डाव्या कोपरावर खाज. पाहिलं तर लाल चट्टा. कवडीएवढा, वर पांढरी खपली. मागच्या खेपेला पाच आठवडे लागले होते, या वेळी दोनही नाही.

मी त्याला ओठ लावले. पहारेकरी जागे होताहेत. या, बाबांनो, या. मारा. मला लागलं तरी चालेल.

तो आत अस्वस्थ आहे. पहिल्यांदाच.

उद्याचं इंजेक्शन फ्रिजमधून काढून मोरीत फोडलं. हात माझाच होता. लिहायला मात्र तो आडवा येत नाही. लिहिलेलं त्याला ऐकू येत नसावं.

रविवार, ४ नोव्हेंबर

अकरा वाजलेत. खाली रिक्षा थांबली. ताईचा आवाज. घरमालकीणबाई काही तरी सांगताहेत, ताई म्हणतेय, असू द्या हो, माझी बहीण आहे.

पाठ दाराला लावून बसलेय. हे पान फाडून दाराखालून सरकवणार —

ताई, आत येऊ नकोस. मला छातीचा आजार आहे, बाळाला लागेल. त्याला घेऊन आत्ता खाली जा, तिथून माझ्या डॉक्टरीणबाईंना फोन कर, दवाखान्याची माणसं पाठव. मी वाचणार आहे. त्या दोनदा म्हणाल्या. तू फक्त लांब राहा. आयुष्यात एकदा तरी माझ्यापासून लांब राहा, एवढं कर.

आतून मी हाक मारली, तर ती मी नाही. 'ये' म्हटलं, तर ती मी नाही. मी रडले तरी —

जिन्यात आलीस. बाळ कुरकुरतंय. किती बारीक आवाज आहे गं त्याचा.

माझं तोंड बोलतंय. दार उघडंच आहे म्हणतंय. खोटं आहे, ताई, कडी लावलेली आहे, मी दोनदा पाहिलीय, डाव्या हातानं दाबून धरलीय आणि उजव्यानं हे —

डावा हात कडीवरून —

ताई, माग